कॅम्पर व्हॅनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये अन्नाचे तापमान नेमके कसे मोजावे

गेल्या एप्रिलमध्ये आंजर्ल्याजवळ मुक्कामाला असताना सकाळच्या चहासाठी दूध तापत ठेवले आणि ते पातेल्यातच नासले. दूध आदल्या दिवशी दापोलीत घेतलेले होते, रात्रभर गाडीतल्या फ्रिजमध्ये होते आणि फ्रिजवरचा आकडा रात्रीपासून ३ अंशांवर स्थिर होता, त्यामुळे दुकानदाराने शिळी पिशवी गळ्यात मारली असा निष्कर्ष आम्ही काढला. दुपारी दुसरी पिशवी एका साध्या डिजिटल थर्मामीटरभोवती गुंडाळून दहा मिनिटे ठेवली तेव्हा त्याने ११ अंश दाखवले. पिशव्या वरच्या टोपलीत होत्या आणि ३ हा आकडा तळाकडच्या भिंतीचा होता. दुकानदाराची मनोमन माफी मागितली, आणि तेव्हापासून फ्रिजवरच्या आकड्याला मी अन्नाचे तापमान म्हणत नाही.

नव्याने कॅम्पर व्हॅन घेणाऱ्या, भाड्याने घेणाऱ्या किंवा आपल्याच गाडीत १२ व्होल्टचा फ्रिज बसवणाऱ्या वाचकांसाठी तापमान मोजण्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. एकूण खर्च फार नाही. मात्र प्रवासाला निघण्यापूर्वी घरी दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

आपला फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा

आपल्याकडच्या गाड्यांमध्ये बहुधा वरून झाकण उघडणारा, पेटीसारखा, ३० ते ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. त्याचे काम घरच्या फ्रिजसारखेच चालते, फक्त कॉम्प्रेसर १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो. थंडावा देणारी नळी आतल्या पत्र्याच्या मागे गुंडाळलेली असते आणि सेन्सर त्या पत्र्यालाच लागून बसवलेला असतो, म्हणून डिस्प्लेवर भिंतीच्या जवळचे तापमान दिसते. थंड हवा जड असल्याने तळाशी साचते आणि झाकणाजवळचा भाग त्या मानाने उबदार राहतो. अनेक मॉडेलांत एका बाजूला कॉम्प्रेसरच्या वर एक उंच पायरी असते, ती तर आणखी उबदार असते. आणि नेमकी ती जागा दूध-दह्यासाठी सोयीची वाटते, कारण उंची कमी आणि हात पटकन पोहोचतो.

अमेरिकेत किंवा युरोपात मोटरहोम भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र बऱ्याचदा गॅसवरही चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज मिळतो. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना शोधून काढली. तिच्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र केवळ उष्णतेवर फिरते, हलणारा भाग एकही नसतो. असा फ्रिज जवळपास समतल उभा असावा लागतो आणि तो थंड व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून तो आदल्या रात्रीच सुरू करणे आवश्यक असते. त्यातला सेन्सर बहुधा आतल्या धातूच्या पात्यांवर चिमट्याने लावलेला असतो, आणि तो चिमटा पात्यावर वर सरकवला की फ्रिज अधिक थंड होतो. तिथले थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असतात हे ध्यानात ठेवावे. ४० अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण ४.४ अंश सेल्सिअस.

तिसरा प्रकार गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणाऱ्या स्वस्त, हलक्या कूलरचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जातो. बाहेर ३८ अंश असताना त्यात दूध ठेवणे म्हणजे हिवाळ्यातल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर ठेवण्यासारखे आहे. पाण्याच्या बाटल्यांसाठी तो ठीक आहे. मासळी आणि दुधासाठी त्याचे तापमान मोजत बसण्यात अर्थ नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे.

किती अंश हवेत

भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा आहे की थंड ठेवायचे अन्न ५ अंश किंवा त्याखाली आणि गोठवलेले अन्न उणे १८ अंश किंवा त्याखाली असावे. साधारण ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे. लवकर नासणारे अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि भोवतालची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर हीच मुदत एका तासावर येते. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत दिवसा एकच तास धरावा. मी स्वतः फ्रिजसाठी ४ अंशांची मर्यादा पाळतो, म्हणजे मोजण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी ५ ओलांडले जात नाहीत.

मासळीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. बांगडा, सुरमई आणि कुपा या माशांमध्ये ते पुरेसे थंड राहिले नाहीत तर जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही. वासही नेहमी येतोच असे नाही. शिजवलेल्या भाताचीही गोष्ट तशीच आहे. उबदार राहिलेल्या भातात जिवाणू जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे ‘नीट शिजवून घेऊ, मग काही होत नाही’ हा आपल्या घरांतला भरवसा येथे उपयोगाचा नाही.

दोन थर्मामीटर घ्या

एक थर्मामीटर कायम फ्रिजमध्ये राहणारा हवा. त्याचा सेन्सर आत आणि आकडा दाखवणारी खिडकी बाहेर असावी, म्हणजे बघण्यासाठी झाकण उघडावे लागत नाही, आणि त्यात किमान व कमाल तापमान लक्षात ठेवण्याची सोय असावी. तारेचा साधा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे टोक, असलेला मत्स्यपेटीसाठी विकला जाणारा थर्मामीटरही चालतो. मोबाइलवर आलेख दाखवणारा ब्लूटूथ सेन्सर घेतला तर तापमान किती वेळ चढलेले होते तेही कळते, आणि ती माहिती फार मोलाची असते. कमाल ९ अंश एवढेच कळले तर ते पाच मिनिटे होते की पाच तास, हे समजायला मार्ग राहत नाही. ब्लूटूथ सेन्सर घेताना एक अडचण लक्षात घ्यावी. फ्रिजच्या आतला पत्रा लहरी अडवतो, त्यामुळे दहा मीटर सांगितलेला पल्ला दोन मीटरवर येऊ शकतो. शिवाय आतल्या नाण्यासारख्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) थंडीत उतरतो आणि सेल संपण्याआधीच सेन्सर गप्प होऊ शकतो. सुटा सेल जवळ बाळगावा.

दुसरा थर्मामीटर सुईसारख्या टोकाचा, अन्नातच खुपसायचा डिजिटल असावा. याचा सेन्सर टोकाच्या एक-दीड सेंटिमीटरमध्ये असतो. गोल तबकडीच्या, काट्याच्या थर्मामीटरला मात्र पाच-सहा सेंटिमीटर खोली लागते आणि सुरमईच्या तुकडीत तेवढी जाडी कुठून आणणार?

तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे, कारण तो ३२ अंशांच्या खाली मोजतच नाही. लाल ठिपक्याची इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते आणि चकचकीत स्टीलच्या डब्यावर तर भलताच आकडा देते. मल्टीमीटरसोबत मिळणाऱ्या के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये (तारेच्या सेन्सरमध्ये) दोन अंशांहून थोडी अधिक चूक नियमात बसते. ४ आणि ६ यांत फरक करायचा असताना असे साधन काय कामाचे?

बर्फातली चाचणी

नवा थर्मामीटर खोक्यातून काढून थेट वापरू नये. एक मोठा स्टीलचा पेला घ्यावा, त्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरावा आणि चुऱ्यामधल्या फटी भरतील एवढेच स्वच्छ, थंड पाणी ओतावे. चमच्याने ढवळून तीन-चार मिनिटे थांबावे. मग प्रोब मधोमध, तळाला किंवा कडेला न टेकवता धरावा आणि आकडा स्थिर झाला की वाचावा. तो शून्य असायला हवा, अर्धा अंश इकडेतिकडे चालेल.

येथे सर्वांत जास्त चूक होते ती पाणी जास्त ओतल्याने. बर्फ वर तरंगतो, आणि पाणी ४ अंशांना सर्वांत जड असल्यामुळे ४ अंशांच्या जवळचे पाणी खाली जाऊन बसते. प्रोबचे टोक तिथे गेले की चांगला थर्मामीटरही ३ अंश दाखवतो आणि आपण त्याला नापास करतो. पेल्यात खालपर्यंत बर्फ दिसला पाहिजे. मीठ अजिबात टाकू नये, त्याने तापमान शून्याच्या खाली जाते.

थर्मामीटर १.२ दाखवत असेल तर त्याच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी लावून ‘१.२ वजा’ असे लिहावे. चूक दोन अंशांहून अधिक असेल किंवा दर वेळी वेगळी येत असेल तर तो परत करावा. उकळत्या पाण्याने चाचणी करण्याची शिफारस काही जण करतात, पण फ्रिजच्या कामासाठी ती टाळावी. उंचीप्रमाणे उत्कलनबिंदू बदलतो, महाबळेश्वरला पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि शंभराजवळ बरोबर असलेले यंत्र शून्याजवळही बरोबर असेल याची हमी नाही.

साक्षीदार बाटली

प्रोब फ्रिजमध्ये नुसता लोंबकळत ठेवला तर तो हवेचे तापमान सांगतो. झाकण उघडले की हवा क्षणात १५ अंशांवर जाते, बंद केले की खाली येते, आणि कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना ती वर-खाली होतच राहते. लिटरभर दुधाला यातले काहीच एवढ्या झटपट जाणवत नाही. उलट, नुकतीच ठेवलेली मासळी १४ अंशांवर असताना आतली हवा ३ दाखवू शकते, आणि ही फसवणूक अधिक धोक्याची असते.

यावरचा तोडगा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कामाशी परिचय असलेल्यांना सहज सुचेल. लसी २ ते ८ अंशांत ठेवल्या जातात आणि त्या फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदवले जाते. लसींच्या साठ्यासाठी असे प्रोबही वापरतात ज्यांचे टोक द्रवाच्या लहान कुपीत बुडवलेले असते, म्हणजे ते हवेच्या झुळकीला न भुलता साठवलेल्या वस्तूसारखे हळूहळू बदलते. आपण तेच करायचे. २०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी, झाकणाला भोक पाडून प्रोब आत सोडावा आणि भोक रबरी बुचाने बंद करावे. औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन आणि पाणी निम्मे निम्मे मिसळून भरले तर बाटली भिंतीजवळही गोठत नाही. नुसते पाणी गोठू लागले की आकडा बराच वेळ शून्यावरच अडकून राहतो. बाटलीवर ‘पिऊ नये’ असे ठळक लिहावे. आमच्या बाटलीवर ते लिहिले नव्हते, आणि भाच्याने तिचे बूच काढून वास घेतल्यावरच लिहिले.

फ्रिजचा नकाशा

आता ही बाटली कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. फ्रिज घरी, विजेवर, प्रवासात भरतो तसाच भरावा आणि तळ, मधला भाग, वरची टोपली व कॉम्प्रेसरवरची पायरी अशा चार जागी बाटली प्रत्येकी किमान सहा तास ठेवून आकडे लिहावेत. प्रत्येक वेळी खोलीचे तापमानही लिहावे, नाहीतर रात्रीच्या आणि दुपारच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. आमच्या फ्रिजचे आकडे, डिस्प्लेवर ३ अंश आणि खोलीत ३३ अंश असताना, असे आले: तळाशी ०.५, मध्ये ४, पायरीवर ८ आणि वरच्या टोपलीत १०. एका फ्रिजमध्ये साडेनऊ अंशांची तफावत! तळाशी कोथिंबीर गोठून काळी पडत होती आणि वर दूध नासत होते, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या होत्या.

अशा वेळी फक्त डिस्प्लेचा आकडा खाली आणत जाऊन सगळीकडे ४ अंश मिळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तळाचे दूध गोठते आणि बॅटरी विनाकारण खर्च होते. आम्ही डिस्प्ले २ वर आणला, हवा फिरण्यासाठी भिंतीला चिकटलेले डबे दोन बोटे आत सरकवले, यूएसबीवर चालणारा छोटा पंखा तळाशी ठेवला आणि वरची टोपली काढून टाकली. त्यानंतर तळ १, मध्य ३ आणि पायरी ६ झाली. पायरीवर आता लोणचे, लोणी, तूप, जॅम आणि फळे जातात, मासळी तळाशी घट्ट झाकणाच्या डब्यात जाते आणि दूध-दही मध्ये. साक्षीदार बाटली नाजूक पदार्थ जिथे ठेवतो त्या भागातल्या सर्वांत उबदार जागी, म्हणजे दुधाच्या पिशव्यांच्या वरच्या कडेला, कायमची बसली आहे.

प्रोबची तार झाकणाच्या रबरामधून बाहेर काढताना ती चपटी असावी. झाकणात कागदाची पट्टी धरून ओढून पाहावी. सर्व बाजूंनी ती अडकली पाहिजे. तारेच्या जागी ती सहज सुटत असेल तर तिथून दमट हवा आत शिरते आणि दोन दिवसांत बर्फाचा थर धरतो.

भरताना

छोटा फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. गरम वस्तू थंड करताना त्याची दमछाक होते. ३० अंशांवरच्या लिटरभराच्या सहा पाण्याच्या बाटल्या ४ अंशांवर आणायच्या तर सुमारे ६५५ किलोजूल उष्णता बाहेर काढावी लागते. फ्रिज सरासरी ५० वॅट दराने उष्णता काढतो असे धरले तरी साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शेजारचे दूध त्या बाटल्यांची ऊब सोसत बसते. म्हणून सर्व काही घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर थंड करून, गाडीतला फ्रिजही आदल्या रात्रीपासून विजेवर चालवून, निघताना भरावे. वाटेत हर्णैच्या लिलावात मासळी घेतली तर ती बर्फासह घ्यावी आणि फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वी सुई खुपसून पाहावी. ५ अंशांच्या वर असेल तर ती आधी वेगळ्या बर्फाच्या खोक्यात ठेवून थंड करावी.

नोंद आणि तिचा अर्थ

दिवसातून दोनदा नोंद करावी: सकाळी झाकण प्रथम उघडण्यापूर्वी आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास, गाडी सर्वाधिक तापलेली असताना. वेळ, बाटलीचे तापमान, किमान-कमाल, बाहेरचे तापमान आणि बॅटरीचा दाब एवढे पाच आकडे पुरतात. नोंद झाली की किमान-कमालची स्मृती पुसावी. ते विसरले तर कालचा कमाल आज पुन्हा घाबरवतो.

ही वही कशी बोलते याचे एक उदाहरण देतो. सकाळी ७ वाजता ३.४ अंश, बाहेर २६, बॅटरी १२.६ व्होल्ट. दुपारी ४ वाजता ७.१ अंश, बाहेर ३६, बॅटरी १२.५ व्होल्ट. बॅटरी ठीक असून तापमान चढले होते, म्हणजे वीज फ्रिजपर्यंत पोहोचत नव्हती. लायटर सॉकेटमधला प्लग आंबेनळी घाटातल्या खड्ड्यांनी सैल झाला होता. फ्रिजच्या जवळ आलेल्या तारेवर दाब मोजला तर आणखी एक गोष्ट दिसली: बारीक तारेमुळे, कॉम्प्रेसर सुरू होताना, १२.५ चे ११.४ होत होते. या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी दाब उतरल्यावर कॉम्प्रेसर बंद करण्याची सोय असते आणि तिच्या बहुधा तीन पातळ्या असतात. ती वरच्या पातळीवर ठेवलेली असेल तर भरलेल्या बॅटरीवरही फ्रिज बंद पडतो. जाड तार थेट बॅटरीपासून, फ्यूज लावून आणली की हा प्रश्न सुटतो. काही गाड्यांत किल्ली काढल्यावर लायटर सॉकेटची वीज जाते, तेही एकदा तपासून घ्यावे. लिथियम बॅटरी असेल तर तिचा दाब संपत येईपर्यंत १३ च्या आसपासच राहतो, त्यामुळे तिच्यासाठी चार्जची टक्केवारी दाखवणारा मीटर लागतो.

बाटली ५ च्या वर गेलेली आढळली तर आधी झाकण बंदच ठेवून कारण शोधावे. मग सुईच्या थर्मामीटरने प्रत्यक्ष अन्न मोजावे: दोन दुधाच्या पिशव्या एकमेकींवर ठेवून मध्ये प्रोब दाबून धरावा, पिशवी टोचू नये, मासळीच्या जाड भागात सुई आडवी घालावी आणि वापरापूर्वी व नंतर ती साबणाने धुवावी. आलेखावरून ५ च्या वरचा वेळ दोन तासांच्या (बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या) आत असेल तर ते पदार्थ थंड करून त्याच दिवशी आधी संपवावेत. वेळ त्याहून जास्त असेल, किंवा वेळ किती होता हे कळायला मार्गच नसेल, तर दूध, मासळी, मटण, पनीर, शिजवलेला भात आणि भाज्या टाकून द्याव्यात. चाखून ठरवू नये. पाचशे रुपयांची सुरमई फेकताना जीव तुटतो, हे मी अनुभवाने लिहितो आहे. लोणी, तूप, लोणचे, अखंड फळे आणि न चिरलेल्या भाज्या यांना याने काही होत नाही.

सहल संपल्यावर फ्रिज पुसून कोरडा करावा, झाकणात घडी केलेला नॅपकिन अडकवून ते किंचित उघडे ठेवावे, सेन्सरमधला सेल काढावा आणि दोन्ही थर्मामीटरची बर्फातली चाचणी पुन्हा घ्यावी. आमच्या सुईच्या थर्मामीटरमागची पट्टी दोनदा बदलली आहे. सध्या तिच्यावर ‘०.४ वजा’ असे लिहिलेले आहे.